वाचकांचे प्रश्न : हेरकथा, चरित्रे आणि एकाच घटनेच्या अनेक बाजू

गेल्या अंकात या सदरातून आम्ही एक सूचना केली होती. सातारा-सांगली भागातल्या वाचनगटांनी वर्षातून निदान एकदा एखादी हेरकथा आणि एखादे ऐतिहासिक चरित्र जोडीने वाचावे, आणि दोन्ही वाचताना ‘हे कोण सांगतो आहे आणि त्याला ते कसे कळले’ हा प्रश्न सतत विचारत राहावे, असे आम्ही म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही सहमतीची आहेत, काही शंकेची आहेत आणि एकदोन चांगलीच रागाची आहेत. सगळी छापणे शक्य नसल्यामुळे, ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि पुढे इंग्रजी हेरकादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या. पण इतिहास शिकवताना मात्र विद्यार्थ्यांना कादंबरीपासून चार हात दूर ठेवले. हेरकथेला चरित्राच्या पंगतीला बसवून आपण चरित्राचे मोल कमी करत नाही का? – एक वाचक, कराड

उत्तर : आपण विद्यार्थ्यांना दिलेली ताकीद योग्यच होती. कादंबरी हा पुरावा नव्हे, आणि ती पुरावा म्हणून वापरावी असे आमचे म्हणणेही नाही. आमचे म्हणणे वाचकाच्या सवयीबद्दल आहे. चांगल्या हेरकथेत कोणाचेही बोलणे जसेच्या तसे स्वीकारून चालत नाही. सापडलेले पत्र सापडावे म्हणूनच टाकलेले असू शकते, कबुलीजबाब देणारा माणूस आपल्या वरिष्ठाला हवे तेच बोलत असतो, आणि आपण ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट पाहत आहोत त्यालाच सर्वांत कमी माहिती आहे, हे शेवटच्या प्रकरणात कळते. हा धडा घेतलेला वाचक चरित्र उघडले की मात्र सगळा सावधपणा बाजूला ठेवतो आणि चरित्रकार सांगेल ते मान डोलावून ऐकतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

दुसऱ्या महायुद्धातले एक प्रकरण आपल्या गटात जरूर घ्या. १९४३च्या एप्रिलअखेरीस ब्रिटिश हेरखात्याने स्पेनच्या किनाऱ्याजवळ, वेल्वा या गावापाशी, पाणबुडीतून एक प्रेत समुद्रात सोडले. त्याच्या अंगावर लष्करी गणवेश होता, खिशात ‘मेजर विल्यम मार्टिन’ या नावाची ओळखपत्रे होती आणि सोबतच्या पेटीत दोस्त फौजा सिसिलीऐवजी ग्रीस आणि सार्डिनियाकडे वळणार असल्याचे सुचवणारी पत्रे होती. शत्रूने ती वाचावीत हाच हेतू होता, आणि तो साधला. आता ही हकिकत लोकांपुढे कोणत्या क्रमाने आली ते पाहा. १९५० साली एका माजी ब्रिटिश मंत्र्याने तिच्यावर बेतलेली कादंबरी प्रसिद्ध केली. त्यानंतर १९५३ साली, ही मोहीम ज्यांनी आखली त्यांपैकी एक अधिकारी इवन माँटेग्यू यांना ती आठवणींच्या रूपाने लिहू देण्यात आली. ते प्रेत न्यूमोनियाने मरण पावलेल्या माणसाचे होते आणि त्याच्या नातेवाइकांची संमती घेतलेली होती, असे त्या पुस्तकात म्हटले होते. पुढे १९९६ साली सरकारी कागदांतून त्या माणसाचे खरे नाव बाहेर आले. तो ग्लिंडर मायकेल नावाचा एक निराधार वेल्श तरुण होता आणि त्याचा मृत्यू उंदराच्या विषाने झाला होता.

म्हणजे येथे ‘खरी हकिकत’ म्हणून छापलेल्या आठवणींतही महत्त्वाच्या जागी झाकपाक होती, आणि ती सद्हेतूने, दिलेला शब्द पाळण्यासाठीही असू शकते. कादंबरी खोटी आणि आठवणी खऱ्या अशी सरळ विभागणी करणाऱ्या वाचकाला हे प्रकरण कधीच नीट कळणार नाही. कोणते कागद कोणत्या साली खुले होते, हे पाहणाऱ्याला ते कळेल. विद्यार्थ्यांना इतिहास शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही शिस्त नवी नाही. हेरकथेच्या वाचकाला ती आवडीने लागते, एवढाच तिचा फायदा.

प्रश्न : मी विट्याला महाविद्यालयात शिकतो. आमच्या तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी आहे आणि आम्ही मित्र तेथे जातो. बहिर्जींवर मी कादंबऱ्या वाचल्या, व्याख्याने ऐकली. त्यांनी कोणकोणती वेषांतरे केली, कोणाच्या दरबारात ते कसे शिरले, हे सगळे मला पाठ आहे. मात्र इतिहासाचे आमचे प्राध्यापक म्हणाले की यातल्या बहुतेक गोष्टींना कागद नाही. मग खरे काय मानायचे? – एक विद्यार्थी वाचक, विटा

उत्तर : आपल्या प्राध्यापकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यामुळे आपण खट्टू होण्याचे कारण नाही. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रकरणी बहिर्जी जाधव या हेराचे, म्हणजे आपल्या बहिर्जी नाईकांचे, नाव येते. सुरत मारली तर अगणित द्रव्य हाती लागेल, ही खबर त्याने शिवाजी महाराजांना दिली, असे बखर सांगते. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस होता आणि त्याने ही बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने लिहिली. तेव्हा हा उल्लेख जवळच्या माणसाचा आहे, पण तो आठवणीतून आणि धन्याच्या मुलासाठी लिहिलेला आहे. ही दोन्ही विधाने एकदम ध्यानात ठेवा.

आता त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहा. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेत इंग्रजांची वखार होती, जॉर्ज ऑक्झेंडन तिचा प्रमुख होता, आणि अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडून महाराजांच्या छावणीत राहून आला होता. त्या वखारीच्या पत्रांत लुटीचे दिवस, आगी, पळालेला सुभेदार आणि स्मिथने पाहिलेली छावणी यांचे वर्णन आहे. ही पत्रे घटनेनंतर लगेच लिहिलेली असल्यामुळे त्यांचे वजन मोठे आहे. तरीही ती लिहिणाऱ्यांना आपण वखार किती शौर्याने राखली हे वरिष्ठांना आणि मोगल दरबारालाही पटवायचे होते, आणि औरंगजेबाने त्यांना पुढे जकातीत सवलत दिली, हे लक्षात घेतले तर त्यांच्या स्वतःविषयीच्या वाक्यांकडे आपण जरा जपून पाहू. हल्ल्याआधी शहरात कोण हेर वावरत होता, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. त्यामुळे त्यांच्या पत्रांत बहिर्जी नाही, एवढ्यावरून बहिर्जी नव्हताच असे ठरत नाही.

हेराचे काम फत्ते झाले तर मागे कागद उरत नाही. म्हणून बहिर्जींविषयीचा पुरावा तुटपुंजा असणे स्वाभाविक आहे, पण तुटपुंजा पुरावा म्हणजे आपल्याला हवे ते भरण्यासाठी मोकळी जागा असा अर्थ काढता येत नाही. कादंबरीकाराने ती जागा कल्पनेने भरावी, तो त्याचा अधिकार आहे. आपण मात्र मित्रांना गडावर माहिती सांगताना ‘बखरीत असे आहे’, ‘गावात असे सांगतात’ आणि ‘कादंबरीत असे रंगवले आहे’ ही तीन वाक्ये वेगवेगळी म्हणावीत. ऐकणाऱ्याचा रस त्याने कमी होत नाही, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. उलट लोक अधिक प्रश्न विचारतात.

प्रश्न : छत्रपती प्रतापसिंह महाराजांविषयी मी दोन प्रकारची पुस्तके वाचली. एकात ते कंपनी सरकारविरुद्ध कट करणारे राजे आहेत, तर दुसऱ्यात कपटाने गादीवरून काढलेले निरपराध सत्पुरुष. आमच्या घरी सातारच्या गादीविषयी फार आदर असल्याने पहिले पुस्तक वाचवत नाही. दोन्ही बाजू वाचाव्यात असे आपण लिहिता. मग सत्य दोहोंच्या मधे कोठेतरी आहे, असेच समजायचे का? – एक वाचिका, सातारा

उत्तर : सत्य मधे असते, ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते, म्हणून आपल्या पत्राला जरा विस्ताराने उत्तर देतो. अनेक बाजू वाचायच्या त्या प्रत्येक बाजूला सारखे माप घालण्यासाठी नव्हे. कोणाच्या हाती काय पुरावा होता आणि तो कसा मिळवलेला होता, हे कळावे म्हणून त्या वाचायच्या. दोन बाजूंपैकी एक पुष्कळ खरी आणि दुसरी पुष्कळ खोटी, असेही निष्पन्न होऊ शकते.

प्रतापसिंहांचे प्रकरण तर अस्सल हेरकथाच आहे. त्यात गुप्त चौकशी आहे, पकडलेली पत्रे आहेत, खबरे आहेत, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या पाठीमागे नोंदवलेल्या जबान्या आहेत. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने १८१८ मध्ये प्रतापसिंहांना सातारच्या गादीवर बसवले, १८१९ मध्ये तह केला आणि १८२२ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती दिला. त्यांचा कारभार इतका नेटका होता की कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी १८३५ मध्ये त्यांची स्तुती करणारे पत्र आणि मानाची तलवार पाठवली. मुंबई सरकारने ती त्यांना दिलीच नाही. त्याच सुमारास फलटण, औंध, जत अशा जहागिरींवर हक्क कोणाचा, यावरून महाराजांचे मुंबई सरकारशी जुंपले होते; तहाचा अर्थ आपल्या बाजूने आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते हटायला तयार नव्हते. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, त्यांनी कंपनीच्या फौजेतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप पुढे आला आणि त्यावर गुप्त चौकशी बसली. मग गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि पदच्युत झालेल्या नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप त्यात येऊन मिळाले. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नाक साताऱ्याला आले. आपण तहाचा भंग केला असे कबूल करून सही करा, म्हणजे गादी राहील, असा मार्ग त्यांनी महाराजांपुढे ठेवला. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

या घटनाक्रमात एक जागा मला फार बोलकी वाटते, ती सहीची. कटाचा पुरावा इतका भक्कम होता, तर कबुलीच्या बदल्यात गादी देऊ करण्याची गरज का पडावी? आणि महाराजांना केवळ गादी प्रिय असती, तर एका सहीने ती वाचत असताना त्यांनी नकार का द्यावा? हे दोन प्रश्न घेऊन आपण सरकारी कागद वाचायला बसावे. ते वाचवत नाहीत, असे आपण लिहिले आहे. आपली अडचण मला समजते, तरीही मी आग्रहाने सांगेन की महाराजांचा पक्ष सर्वांत बळकट होतो तो त्याच कागदांमुळे. साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारण्याची संधी आरोपीला मिळाली नाही, ही गोष्ट आपल्याला महाराजांच्या भक्ताकडून कळण्यापेक्षा चौकशी करणाऱ्यांच्याच दप्तरातून कळावी.

त्यापुढे कंपनीच्या भागधारकांच्या सभांतील वाद वाचा. साताऱ्याला पूर्वी रेसिडेंट राहिलेले जनरल ब्रिग्ज लंडनमध्ये राजांच्या बाजूने उभे राहिले. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले प्रसिद्ध वक्ते जॉर्ज थॉम्सन यांनीही हे प्रकरण लावून धरले. ‘इंग्रजांची बाजू’ असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा या माणसांना कोठे ठेवणार? इंग्रजांच्या बाजूतच निदान तीन बाजू आहेत: मुंबई सरकारची, लंडनच्या संचालकांची आणि साताऱ्यात राहून राजांना जवळून पाहिलेल्या अधिकाऱ्यांची. आपल्या लोकांचीही एक बाजू नाही. महाराजांनंतर गादीवर बसवले गेले ते त्यांचेच धाकटे बंधू शहाजी, आणि कंपनीच्या मर्जीतले बाळाजीपंत नातू हेही येथलेच. नातूंना मराठी लेखनात खलनायकाची जागा मिळालेली आहे आणि तिला कारणेही आहेत. पण त्यांच्याविषयीचे कोणते वाक्य त्या काळच्या कागदातून आलेले आहे आणि कोणते पुढच्या संतापातून, हे तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

रंगो बापूजी गुप्ते हे महाराजांचे वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, चौदाएक वर्षे, तेथे झगडत राहिले. शहाजी महाराज १८४८ मध्ये निवर्तल्यावर डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले, तरी ते परतले नाहीत. त्यांच्या अर्जांत आणि निवेदनांत जी तळमळ आहे ती कोणालाही हलवून सोडेल. तरीही ती वकिलाची निवेदने आहेत. आपल्या अशिलाला प्रतिकूल असलेले त्यांत नसणार, हे गृहीत धरूनच ती वाचायची. प्रबोधनकार ठाकरे यांचे रंगो बापूजींवरचे पुस्तक १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच आले. त्यातला आवेश त्या काळाचाही आहे आणि लेखकाच्या स्वभावाचाही. तो आवेश मला आवडतो. पण तपशिलासाठी मी त्याच्या मागे असलेल्या कागदांकडेच जाईन.

आणखी एक खुलासा करतो, कारण इतर दोघा वाचकांनी ग्रँट डफचा दाखला महाराजांविरुद्ध दिला आहे. ग्रँट डफ हा साताऱ्याचा पहिला पोलिटिकल एजंट; त्याने मराठ्यांच्या इतिहासाचे खंड १८२६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या कटाचा आरोप दहा वर्षांनी निघाला, त्याविषयी त्याचा ग्रंथ काही सांगूच शकत नाही. पुस्तकाचे साल आधी पाहावे, म्हणजे असे दाखले टळतात.

या सगळ्यावरून माझे स्वतःचे मत विचाराल तर महाराजांवर अन्याय झाला, याबद्दल मला शंका वाटत नाही. ते मत दोन्ही पुस्तकांच्या मधे उभे राहून झालेले नाही. विरोधी बाजूचे कागद वाचूनच ते पक्के झालेले आहे.

प्रश्न : माझे आजोबा प्रतिसरकारात होते. आजी जे सांगायची आणि पुस्तकांत जे छापले आहे, त्यांत फरक पडतो. घरातले म्हणतात आजीचेच खरे. माझा मुलगा म्हणतो की पुस्तकात आहे तेच खरे. – एक वाचिका, पलूस

उत्तर : आपल्या आजींनी काय पाहिले आणि काय ऐकले, हे आधी वेगळे करा. १९४३ ते १९४६ या काळात, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या वाळवा, पलूस, तासगाव, खानापूर या भागांसह, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. ते सगळे भूमिगत काम होते. कोण कोठे मुक्कामाला आहे हे शेजारच्या घरालाही कळू द्यायचे नाही, अशा कामात प्रत्येकाला आपल्यापुरतेच ठाऊक असते. त्यामुळे शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी सरकारी पगाराची गाडी लुटली गेली त्याची हकिकत रुळावर असलेला माणूस एक प्रकारे सांगेल, आणि त्या रात्री ज्या घरात भाकरी बडवल्या गेल्या त्या घरातली बाई दुसऱ्या प्रकारे सांगेल. दोघेही खरे बोलत असतील.

छापील पुस्तकांतही दोन जाती आहेत. कार्यकर्त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत आपल्या गटाचे काम उठून दिसते आणि मागाहून झालेल्या राजकीय फाटाफुटीची सावलीही पडलेली असते. ब्रिटिश पोलिसांच्या कागदांत तीच माणसे दरोडेखोर म्हणून नोंदलेली असतात, पण तारखा आणि ठिकाणे त्याच वेळी लिहिलेली असल्याने उपयोगी असतात. गावोगावच्या न्यायदान मंडळांविषयी, सावकारांना बसवलेल्या जरबेविषयी आणि खबऱ्यांना झालेल्या शिक्षांविषयी वाचताना तर शिक्षा करणारा, ती भोगणारा आणि नुसता पाहणारा, अशा तिघांचीही बाजू शोधावी लागते. खबऱ्या ठरलेला प्रत्येक माणूस खरोखर खबऱ्या होता का, हा प्रश्न विचारल्याने त्या चळवळीचा अपमान होत नाही.

स्त्रियांची बाजू पुस्तकांत सर्वांत कमी आली, म्हणून आपल्या आजींच्या आठवणींना मी फार महत्त्व देतो. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी उतारवयात सांगितलेला एक प्रसंग कोणत्याही हेरकथेत शोभेल असा आहे. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी आणि साथीदारांनी भांडणाचे नाटक केले. एक साथीदार दारुडा नवरा बनला आणि त्यांना मारू लागला. त्याने मोठा दगड उचलला तेव्हा पोलिस सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली शस्त्रे पळवली. ठाण्यातल्या हवालदाराला हा प्रसंग लिहायचा असता तर त्याने तो किती वेगळा लिहिला असता, याचा विचार करून पाहा. आपल्या मुलाला बसवून आजीच्या आठवणी तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा. आजी हयात नसतील तर ज्यांनी त्यांच्याकडून ऐकले त्यांच्या नावासकट लिहून घ्यावे, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले हे पुढच्या माणसाला कळेल. पुस्तकाशी जुळवण्याचा प्रयत्न त्या वेळी करू नये. फरक पडेल तेथे फरक तसाच राहू द्यावा.

प्रश्न : हेरांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी कितपत विश्वसनीय असतात? – एक वाचक, मिरज

उत्तर : ज्या गोष्टी त्यांना सांगू दिल्या गेल्या, त्यांच्यापुरत्या. भारताच्या ‘रॉ’चे आणि पाकिस्तानच्या ‘आयएसआय’चे माजी प्रमुख, दुलत आणि दुर्राणी, यांच्या संवादाचे पुस्तक २०१८ मध्ये आले, ते मिळवून वाचा. दोन विरोधी बाजूंची माणसे एकाच पुस्तकात बोलतात, तेव्हा एकाने टाळलेला विषय दुसऱ्याच्या वाक्यावरून लक्षात येतो. दोघेही निवृत्तीनंतर आणि आपापल्या देशातल्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून बोलत आहेत, याचा विसर मात्र पडू देऊ नका.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी केलेल्या नूर इनायत खान यांचे चरित्र वाचून मी भारावून गेले. नंतर एका लेखात त्या हेर म्हणून अयोग्य होत्या असे वाचले आणि फार वाईट वाटले. लेखकाने मुद्दाम बदनामी केली असेल का? – एक वाचिका, इस्लामपूर

उत्तर : मुद्दाम केली असे म्हणण्याचे कारण दिसत नाही. नूर यांच्या प्रशिक्षकाचा एक अहवाल आहे, आणि त्यात त्या फारशा हुशार नाहीत अशा अर्थाचा शेरा आहे. त्यांच्या विभागप्रमुखाने त्याच अहवालाच्या समासात त्या शेऱ्याशी असहमती नोंदवली आहे. म्हणजे एकाच कागदावर दोन मते आहेत. जून १९४३ मध्ये त्या बिनतारी यंत्र घेऊन फ्रान्समध्ये उतरल्या, त्यांच्या आसपासची साखळी एकेक करून पकडली गेली तरी पॅरिसमधून संदेश पाठवत राहिल्या, आणि ऑक्टोबरात पकडल्या गेल्या. पॅरिसमधील जर्मन गुप्त पोलिसांच्या प्रमुखाने युद्धानंतरच्या चौकशीत सांगितले की त्यांच्याकडून आपल्याला काहीही कळले नाही. शत्रूने दिलेली ही साक्ष आहे, आणि ती द्यायला त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती, म्हणून ती मोलाची आहे. त्याच वेळी हेही खरे की त्यांनी पाठवलेल्या संदेशांच्या प्रती जपून ठेवल्या होत्या, त्या जर्मनांच्या हाती पडल्या आणि त्यांच्या आधारे लंडनला फसवणारे संदेश गेले.

त्यांचे पहिले चरित्र त्यांच्या मैत्रिणीने, जीन ओव्हर्टन फुलर यांनी, १९५२ मध्ये लिहिले. श्राबणी बसू यांचे २००६ मध्ये, सरकारी कागद खुले झाल्यावर आले. पहिल्यात मैत्रिणीची माया आहे, दुसऱ्यात कागदांचा आधार अधिक आहे, आणि दोन्ही वाचली तर त्यांच्या चुका आणि त्यांचे धैर्य ही एकाच व्यक्तीची आहेत हे उमगते. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. काही चुका केलेल्या माणसाने तेथपर्यंत तोंड उघडले नाही, हे कळल्यावर माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर वाढला. आपलाही वाढेल असे मला वाटते.

प्रश्न : आठवीतल्या मुलाला आधी कादंबरी द्यावी की चरित्र? – एक पालक, कोरेगाव

उत्तर : त्याला जे आवडेल ते आधी द्या. मात्र कादंबरी संपल्यावर ‘यातले खरोखर घडलेले कोणते’ हे शोधण्यासाठी त्याला एक चरित्र किंवा विश्वकोशातली नोंद काढून द्यावी. मराठी विश्वकोश आपल्याच जिल्ह्यात, वाईला, घडला. त्याच्या नोंदी आता संगणकावरही वाचता येतात.

प्रश्न : आमच्या वाचनगटात ऐतिहासिक व्यक्तींवर चर्चा सुरू झाली की कोणीतरी दुखावतो, आवाज चढतात आणि पुढच्या बैठकीला दोघे येत नाहीत. असे विषय घेऊच नयेत असा ठराव मांडला गेला आहे. आपले मत काय? – वाचनगटाचे एक चालक, वाई

उत्तर : तो ठराव संमत होऊ देऊ नका. आपल्याच परिसरातले एक उदाहरण गटापुढे ठेवा. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार उजेडात आणला आणि त्यांचे चरित्र लिहिले. त्यात स्वामींना मराठी राजकारणात फार मोठे स्थान दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्वामींची पत्रे तपासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्या मोठेपणाला जोरदार हरकत घेतली. पेशव्यांसारख्या बड्या मंडळींना कर्ज देणारा आणि कागदांत रागलोभ दाखवणारा हा पुरुष राजकारणाचा सूत्रधार होता काय, असा त्यांचा रोख होता. पत्रव्यवहार एकच, वाचणारे दोघेही त्यात आयुष्य घातलेले, आणि निष्कर्ष मात्र वेगळे. त्या वादामुळे पत्रे अधिक बारकाईने वाचली गेली आणि नुकसान कोणाचेच झाले नाही.

बैठकीत मते मांडण्याआधी उतारे वाचावेत. एका प्रसंगाचे दोन किंवा तीन उतारे, प्रत्येकी पानभर, आधीच सर्वांना द्यावेत. लेखक कोण, साल कोणते, तो तेथे हजर होता की ऐकून लिहितो, एवढे वर लिहावे. पहिला अर्धा तास फक्त उताऱ्यात काय आहे यावर बोलायचे, व्यक्ती थोर की सामान्य यावर नाही. ज्याला एखाद्या व्यक्तीविषयी विशेष भक्ती आहे त्याच्याकडे विरुद्ध बाजूचा उतारा वाचून दाखवण्याचे काम द्यावे, आणि टीकाकाराकडे अनुकूल बाजूचा. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या तोंडाने नीट वाचावे लागले की आवाज आपोआप खाली येतो. सुरुवातीला फार जवळचा विषय घेऊ नका. मेजर मार्टिनचे प्रेत किंवा नूर इनायत खान यांच्यापासून आरंभ करावा, मग सुरतेकडे यावे, आणि गटाला सवय झाल्यावर प्रतापसिंह महाराजांचे प्रकरण घ्यावे. त्यासाठी निदान दोन बैठका राखून ठेवाव्या लागतील, कारण एका बैठकीत सरकारी कागद वाचून होतात आणि रंगो बापूजींना वेळच उरत नाही.